जगतापांच्या दुनळीची खुळखुळ

उदयसिंहराव जगतापांच्या घरातली कुठलीही वस्तू कधीही बिघडत नाही. असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि बडोद्यात गोत्रीतल्या त्यांच्या सोसायटीत त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलंय, की त्यांच्या मजल्यावरच्या बायका मिक्सर दुरुस्तीला न्यायचा झाला तर पिशवीत झाकून नेतात. जगतापांच्या पंख्याला आवाज येत नाही. त्यांचा नळ ठिबकत नाही. कुसुमावतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या होत्या, की फ्रिज गार करत नाही. त्यावर "यंदा उन्हाळाच जास्त आहे" असा निकाल देऊन उदयसिंहरावांनी तो फ्रिज आणखी दोन वर्षं चालवला.

आणि अशा माणसाच्या बंदुकीला एका पोरसवदा फौजदारीणबाईंनी नावं ठेवावीत!

बंदूक साधीसुधी नव्हती. विलायती, दुनळी, बाहेरच्या अंगाला, चाप ओढला की पडणारे दोन घोडे असलेली. उदयसिंहरावांच्या आजोबांना ती बडोदे संस्थानाच्या फौजेत असताना बक्षीस मिळालेली. आजोबांकडून ती वडिलांकडे, बळवंतरावांकडे आली, आणि बळवंतरावांनी एकोणीसशे त्र्याण्णव साली रीतसर कागदपत्रं करून ती उदयसिंहरावांच्या नावावर केली. तेव्हापासून वर्षभर ती लोखंडी कपाटात कुलपात असते आणि खंडेनवमीला पाटावर येते. कुसुमावतीबाई तिला हळदकुंकू लावतात, अक्षता वाहतात, झेंडूची माळ घालतात. उदयसिंहराव फेटा बांधून शेजारी उभे राहतात आणि आलेल्यांना तिचा इतिहास सांगतात. हा इतिहास दर वर्षी थोडा वाढतो.

घराण्याचा एक दंडक आहे. जगतापांच्या शस्त्राला परक्या माणसानं हात लावायचा नाही. फक्त लायसन नवं करून घ्यायच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात दाखवायला न्यावी लागते, तेवढ्यापुरता उदयसिंहराव कायद्यापुढे मान तुकवतात. यंदाही त्यांनी ती मखमली गवसणीतून काढून टेबलावर ठेवली आणि इतिहासाला सुरुवात केली. फौजदारीणबाईंनी इतिहास ऐकला नाही. त्यांनी बंदूक उचलली, नंबर वहीशी ताडून पाहिला, आणि मग खंडेराव मार्केटात नारळ घेताना कानाशी धरून हलवतात तशी ती हलवली.

"काका, आमां कंईक खखडे छे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आ बंदूक सो वरस जूनी छे. एमां कंई खखडे नहीं," उदयसिंहराव म्हणाले.

बाईंनी बंदूक त्यांच्या कानाशी नेऊन पुन्हा हलवली. खुळ्. खुळखुळ्.

आता आवाज तर आला होता. पण आवाज आला म्हणून तो कबूल करायचा, इतके उदयसिंहराव हलके नव्हते. ते म्हणाले, की हा आवाज बाईंच्या बांगड्यांचा असावा. बाईंच्या हातात बांगड्या नव्हत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शांतपणे सांगितलं, "दस दिवसमां रिपेर करावीने कारीगरनो दाखलो लई आवो. नहीं तो अहीं जमा करावी देजो. जोखम ना लेवाय."

जमा! आजोबांची बंदूक, पोलीस ठाण्याच्या त्या कोठीत, जप्त केलेल्या सायकली आणि दारूच्या कॅनच्या शेजारी! एकदा तिथं गेलेली वस्तू नातवाच्या लग्नापर्यंत परत येत नाही, हे उदयसिंहराव पक्कं जाणून होते. घरी येईपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला आणि लिफ्टमधल्या एका अनोळखी बाईंना हा अपमान सविस्तर सांगितला होता.

कुसुमावतीबाई मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"कुठून येतो म्हणाल्या आवाज?"

"कुठून येतो म्हणजे? येतच नाही. हा ऐक."

त्यांनी बंदूक हलवली. खुळखुळ्. हॉलमध्ये ती पोलीस ठाण्यापेक्षाही स्वच्छ ऐकू आली.

"मला तर काही ऐकू आलं नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि मेथीत डोकं घातलं. ही बाई चौथ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव ऐकते. पण उदयसिंहरावांना त्या क्षणी साक्षीदार हवा होता, तो मिळाला, आणि त्यांनी पुढे चौकशी केली नाही. "फार तर थोडा कापूस कोंबा," त्या पुढे म्हणाल्या.

"कापूस? बंदूक आहे ती, कान नव्हे."

समोरच्या फ्लॅटमध्ये दत्तात्रेय पराडकर राहतात. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज संस्थानात शास्त्रीबुवा होते, आणि जगतापांचे पूर्वज शिलेदार. त्यामुळे राज्य आम्ही राखलं असं एक म्हणतो, राज्याला शहाणं आम्ही केलं असं दुसरा म्हणतो, आणि वीस वर्षं दोघं एकमेकांचा चहा पितात. दत्तात्रेय आले ते डॉक्टर सुनेचा स्टेथोस्कोप गळ्यात घालूनच आले.

"हात लावायचा नाही," उदयसिंहरावांनी बजावलं.

"हात नाही लावत. नळी लावतो," दत्तात्रेय म्हणाले आणि त्यांनी बंदूक तपासायला घेतली. हलवा. थांबा. उलटी करा. आता उजवीकडून. पंधरा मिनिटं उदयसिंहराव बंदूक तान्ह्या पोरासारखी हातावर घेऊन त्यांच्या तालावर डोलत होते. मग दत्तात्रेयांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "अक्षता," ते म्हणाले. "दर वर्षी वाहता तुम्ही. नळीत गेल्या असणार."

उदयसिंहरावांनी खटका दाबून बिजागरीवर नळ्या खाली पाडल्या आणि बंदूक वर्तमानपत्रावर झटकली. तांदळाचे पाच दाणे आणि झेंडूची एक सुकी पाकळी पडली. दत्तात्रेयांनी हात असा पसरला, की जणू पाचही दाणे त्यांनीच पिकवले होते. मग उदयसिंहरावांनी बंदूक बंद करून हलवली. खुळखुळ्.

दत्तात्रेय हटले नाहीत. त्यांनी पुन्हा बंदूक उघडायला लावली आणि आत डोकावले. नळ्यांच्या मागची लोखंडी पाटी कुंकवानं लालभडक माखलेली होती. वर्षानुवर्षाचं कुंकू तेलात बसून त्याचा थर झाला होता. "हे खरवडून बघूया," म्हणत दत्तात्रेयांनी खिशातून चाकू काढला.

"भावजी!" कुसुमावतीबाई स्वयंपाकघरातून धावतच आल्या. "पूजेचं आहे ते. खरवडायचं नसतं."

आता बायकोनं शस्त्राचा मान राखावा, याचा उदयसिंहरावांना केवढा अभिमान वाटला! दत्तात्रेयांनी चाकू मिटला. मग त्यांनी शेवटची तपासणी केली आणि निदान सांगितलं. "आवाज लोखंडात नाहीच. लाकडात आहे. तुमचा दस्ता आतून पोकळ आहे."

"पोकळ?" उदयसिंहराव म्हणाले. "जगतापांचा दस्ता पोकळ? तुमच्या घरात काय काय पोकळ आहे, ते मी कधी बोलून दाखवलं?"

दत्तात्रेय स्टेथोस्कोप घेऊन निघून गेले. चहा तसाच राहिला.

रविवारी मुलानं, समरजितनं, प्रकरण हातात घेतलं. तो हालोलच्या एका कारखान्यात मोटारींचे हादरे मोजतो. कुठल्या मोटारीचं काय सैल झालंय, हे त्याला फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये रेघांवरून कळतं. त्याचं म्हणणं पडलं, की हातानं हलवणं अशास्त्रीय आहे, बंदुकीला एकसारखा हादरा द्यायला हवा. घरात एकसारखा हादरा देणारी वस्तू एकच होती. त्यानं वॉशिंग मशीनवर गोधडी अंथरली, तिच्यावर बंदूक ठेवली, परकराच्या नाडीनं घट्ट बांधली, दस्त्याला चिकटपट्टीनं फोन चिकटवला आणि पिळायचं बटण दाबलं.

"याच्यात काही धोका?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"बाबा, रोजचं काम आहे माझं."

मशीनमध्ये कुसुमावतीबाईंनी एकच ओली सोलापुरी चादर टाकलेली होती, हे कुणी विचारलं नव्हतं. ती एका बाजूला गोळा झाली. मशीन आधी गुरगुरलं, मग नाचलं, मग पुढे चालू लागलं. पाइप ताणला गेला. मशीन भिंतीवर आपटू लागलं. धाड. धाड. धाड. वरच्या फळीवरची पितळी बादली खाली आली, तिच्या मागून कपड्यांचे चिमटे आले, आणि या सगळ्याच्या वर, नाडीत जखडलेली जगतापांची दुनळी भाल्यासारखी खिडकीकडे रोखलेली. समरजित बटण शोधत होता. उदयसिंहराव मशीनला मिठी मारून त्याला थांबायचा हुकूम देत होते.

खालच्या मजल्यावर रविवारची दुपारची झोप चालली होती. चारशे दोनमध्ये बंदूक आहे, हे अख्ख्या सोसायटीला खंडेनवमीपासून ठाऊक. दोन मिनिटांत ग्रुपवर निरोप पडू लागले. "४०२मां फायरिंग." "केटला राउंड?" "पचास जेटला." "मारो दीकरो गणे छे, सित्तेर थया." मग कुणीतरी सुज्ञपणे पोलिसांना फोन केला.

त्याच फौजदारीणबाई आल्या. त्यांनी गॅलरीतलं मशीन पाहिलं, गोधडी पाहिली, नाडी पाहिली, बंदुकीला चिकटवलेला फोन पाहिला.

"आ शुं छे?"

"डायग्नोसिस," समरजित म्हणाला.

फोनवर निदान आलंही होतं. बेअरिंग बदला, असं त्यात लिहिलं होतं.

बाई उदयसिंहरावांकडे वळल्या. आता दहा दिवस वगैरे काही नाही, मुदत फक्त उद्यापर्यंत. "काले सवारे अगियार वागे. दाखला साथे, अने अवाज वगर. नहीं तो हुं जाते आवीने लई जईश."

दाखला देऊ शकणारा परवानाधारक कारीगर जवळपास एकच होता. छाणीचे जयंतीभाई. आणि जयंतीभाईंशी उदयसिंहरावांचा एकतीस वर्षांचा अबोला होता.

त्याला कारणही तसंच होतं, म्हणजे उदयसिंहरावांच्या मते. चौऱ्याण्णव साली सावली गावात मेव्हण्याच्या भुईमुगात रानडुकरं शिरत होती. हवेत दोन बार काढतो, पुन्हा डुक्कर तालुक्यात दिसणार नाही, असं सांगून उदयसिंहराव बंदूक घेऊन गेले. अख्खी सासुरवाडी बांधावर जमली. उदयसिंहरावांनी बंदूक आभाळाकडे रोखून चाप ओढला. खट्. दुसरा ओढला. खट्. एका डुकरानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भुईमुगात तोंड घातलं. सासुरवाडी अजून बोलते त्याबद्दल. उदयसिंहराव तिथून थेट काडतुसं विकणाऱ्या जयंतीभाईंच्या तेव्हाच्या बडोद्यातल्या दुकानात गेले आणि फुसका माल विकतो म्हणून भर बाजारात तासभर त्यांची शोभा केली. "बंदूक तो बतावो, तपासी आपुं," जयंतीभाई म्हणत होते. "जगतापांच्या बंदुकीला तुम्ही हात लावणार?" म्हणून उदयसिंहराव आणखी चिडले. जयंतीभाईंनी ती दोन काडतुसं स्वतःच्या बंदुकीत घालून उडवून दाखवली, तर यांनी ती बदलल्याचा आरोप केला. पुढे जयंतीभाईंनी दुकान छाणीला हलवलं. ते आपल्याच धास्तीनं, अशी उदयसिंहरावांची समजूत आहे.

सोमवारी सकाळी समरजितनं गाडी काढली. उदयसिंहराव मागच्या सीटवर बंदूक मांडीवर घेऊन बसले, तर कुसुमावतीबाई चांगली साडी नेसून, पर्स पोटाशी धरून दुसऱ्या दारानं आत येऊन बसल्या.

"तू कशाला?"

"येते. बघते तरी." मग गाडी सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिथं गेल्यावर चिडायचं नाही हं."

"मी चिडतो?" उदयसिंहरावांनी विचारलं. समरजितनं दचकून ब्रेक दाबला.

जयंतीभाई ऐंशीला आले होते, पण कामाच्या टेबलाशी ताठ बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाहुणे पाहिले.

"आवो उदेसिंहभाई. एकत्रीस वरस थयां."

उदयसिंहरावांनी गाडीत एक भाषण तयार केलं होतं. त्यात घराणं होतं, सहनशीलता होती, आणि नाइलाज हा शब्द तीनदा होता. ते त्यांनी म्हणून टाकलं. जयंतीभाईंनी ते पूर्ण ऐकलं आणि हात पुढे केला. "खोलवानी छूट छे?"

दंडक एका बाजूला, पोलिसांची कोठी दुसऱ्या बाजूला. उदयसिंहरावांनी भिंतीवरच्या देवीच्या कॅलेंडरकडे बघत बंदूक त्यांच्या हातात दिली. आयुष्यात एवढं जड काही त्यांनी दिलं नव्हतं.

जयंतीभाईंनी ती एकदाच हलवली आणि सरळ दस्त्याच्या बुडाकडे वळले. तिथं खांद्याला टेकणारी एक लोखंडी पट्टी असते. दोन स्क्रू काढून त्यांनी ती अलगद उचलली. आत लाकडात अंगठा जाईल एवढं भोक होतं. जुने कारीगर बंदुकीचं वजन तोलायला असं भोक पाडायचे, ते म्हणाले.

पोकळ! उदयसिंहरावांना दत्तात्रेयांचा चेहरा आठवला आणि तिथंच घाम फुटला.

जयंतीभाईंनी बंदूक उभी धरून टेबलावर हलकेच आपटली. आधी मलमलीच्या चिंध्या पडल्या, कसर लागून जाळी झालेल्या. मग टण्, टण् करून बोटाच्या पेराएवढ्या दोन जाड पिना पडल्या. मग कागदाची एक सुरळी.

जयंतीभाईंनी एक पिन उचलली, भिंग लावून पाहिली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी बंदूक उघडली, ओल्या फडक्यानं पाटीवरचं कुंकू पुसायला घेतलं. थर निघता निघेना. निघाला तेव्हा खाली कुंकवानं बुजलेली दोन भोकं दिसली.

"घोडो आ पिन पर पडे, पिन कारतूस पर पडे, त्यारे बार थाय," ते सावकाश म्हणाले. "पिन ज नथी. एटले आ बंदूक नथी, उदेसिंहभाई. दंडो छे."

दंडा! फेटा बांधून, माळ घालून, एकतीस वर्षं पूजलेला दंडा!

मग उदयसिंहराव जे सुटले ते सुटले. हा घातपात आहे. ही घराण्याची बेअब्रू आहे. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही, तो कुणीही असो, कितीही मोठा असो. बोलवा त्या फौजदारीणबाईंना, आत्ता गुन्हा नोंदवतो. शेजारच्या गॅरेजमधले दोघं पाना हातात घेऊन दाराशी येऊन उभे राहिले.

"बाबा," समरजितनं सुरळी उलगडली होती. "हे आजोबांचं अक्षर आहे ना?"

उदयसिंहरावांचा हात हवेत राहिला. समरजितनं वाचायला सुरुवात केली.

"चिरंजीव उदयसिंह यास अनेक आशीर्वाद. बंदूक तुझ्या नावावर केली. घराण्याची वस्तू घराण्यात राहावी, ही माझी इच्छा. मात्र परवा दुधात पाणी निघाले म्हणून तू दूधवाल्यास 'गोळी घालीन' म्हणालास, ते मी माडीवरून ऐकले. इस्त्रीवाल्यासही तू तेच म्हणतोस, आणि गेल्या महिन्यात पोस्टमनलाही म्हणालास. सबब दोन्ही पिना काढून दस्त्यात ठेवल्या आहेत. तुझा राग निवळला, असे सूनबाईंस वाटेल तेव्हा त्यांनी त्या बसवून घ्याव्यात. बळवंतराव."

सगळ्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. कुसुमावतीबाई पर्सची चेन लावत होत्या. ती आधीच लागलेली होती.

"तुला माहीत होतं?"

"मामंजींनी माझ्यासमोरच काढल्या. मी स्क्रू धरून उभी होते. मलमलही माझीच, जुनी साडी होती."

"आणि सावलीला? तू बांधावर होतीस."

"होते की."

"मला चाप ओढू दिलास?"

"सांगणार कशी? माहेरची सगळी माणसं उभी होती."

"आणि कुंकू?"

"ती भोकं दिसायची हो," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "म्हणून दर वर्षी दोन बोटं जास्त लावायची."

एकतीस खंडेनवम्या उदयसिंहरावांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. त्या प्रत्येकीत ते छाती काढून उभे होते आणि ही बाई शेजारी बसून गंभीर चेहऱ्यानं भोकं बुजवत होती.

"मनात यायचं दर वर्षी," त्या पुढे म्हणाल्या. "यंदा बसवून घ्याव्यात का. दोन हजार अकरा साली तर ठरवलंच होतं. अख्खं नवरात्र शांत गेलं होतं तुमचं. मग अष्टमीला तो केबलवाला..."

"तो केबलवाला लबाड होता! मी त्याला..."

"बघा."

उदयसिंहराव लाकडी बाकावर बसले. त्यांनी कागद हातात घेतला. वडिलांचं, आबासाहेबांचं, तेच तिरकं, ठाम अक्षर.

"म्हणजे आबासाहेबांचा माझ्यावर विश्वास नव्हता," ते म्हणाले. आवाज अगदीच लहान निघाला.

कुसुमावतीबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "विश्वास नसता तर बंदूक तुम्हाला दिली असती का? तुमचे थोरले भाऊ होते की. तुम्हालाच दिली. फक्त तुम्हाला ओळखत होते ते."

गॅरेजवाले आपल्या कामाला गेले. मग जयंतीभाईंनी खाकरून चौऱ्याण्णवच्या काडतुसांचा विषय काढला.

"पहेलां मारी वात. चोराणुंनां कारतूस बराबर हतां के नहीं?"

उदयसिंहराव फरशीकडे बघत म्हणाले, "हतां."

"जोरथी बोलो. हवे ओछुं संभळाय छे."

"बराबर हतां. मारी भूल," उदयसिंहराव म्हणाले, आणि हे शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचं समरजितनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. जयंतीभाईंनी मान डोलवली, चहा मागवला, आणि एकतीस वर्षांचा विषय तिथं मिटला.

घड्याळात दहा वाजत आले होते. जयंतीभाईंनी दाखल्याचा छापील कागद पुढे ओढला. खुळखुळ बंद करायचे दोन रस्ते आहेत, त्यांनी सांगितलं. पिना जागेवर बसवल्या, तर आवाज बंद. किंवा पुन्हा नीट गुंडाळून आत ठेवल्या, तरी आवाज बंद. "बाईसाहेबने अवाज ना जोईए. बंनेमां दाखलो सरखो. बंदूक घरे ज रहेशे. बोलो, बेन?"

त्यांनी विचारलं बेनना. कागदात तसंच लिहिलं होतं.

उदयसिंहराव ताठ बसले. दंडा घेऊन परत जायचं की बंदूक घेऊन, हे आता सर्वस्वी या बाईंच्या हातात होतं. त्यांनी चेहऱ्यावर मंद हसू आणलं. लग्नाच्या फोटोनंतर त्यांनी ते वापरलं नव्हतं. चहा त्यांनी फुंकर न घालता, आवाज न करता प्यायला. चहात साखर नव्हती. त्याबद्दल ते काहीही बोलले नाहीत.

"कुसुम," ते अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "गेल्या पंधरा मिनिटांत मी कुणाला काही बोललो?"

"नाही बाई," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्या खरंच विचारात पडल्या होत्या. त्यांनी एक पिन उचलून तळहातावर घेतली, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पिनेकडे पाहिलं. वय झालं होतं माणसाचं. केसही पिकले होते. जयंतीभाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"खरंच नाही बोलले बाबा," समरजित कौतुकानं म्हणाला. "आज पहिल्यांदाच."

"पहिल्यांदाच?" उदयसिंहराव वळले. "पहिल्यांदाच म्हणजे काय?"

"तसं नाही बाबा, म्हणजे एरवी..."

"एरवी? एरवी काय?" ते उठले. कप बशीत थडथडला. "मला राग येतोच कुठे! चाळीस वर्षं घरात बर्फासारखा राहिलोय मी! कोण म्हणतो मी चिडतो, त्याला आणा माझ्यासमोर, उभा..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण तो कुठला होता ते दुकानात सगळ्यांना कळलं. शेजारचं गॅरेज पुन्हा दाराशी आलं.

कुसुमावतीबाईंनी पिन टेबलावर दुसऱ्या पिनेशेजारी ठेवली आणि जयंतीभाईंकडे वळल्या.

"भाई, फ्लॅनल छे ने? जरा जाडुं आपजो," त्या म्हणाल्या. "त्रीसेक वरस चाले एवुं."